लॅब रिपोर्ट स्वच्छ आणि आईचं एसजीपीटी ३१२. मग तपासलं तरी काय?

डिचोलीची लेक

नमस्कार. जरा लांबलचक लिहिणार आहे. डॉक्टरांसमोर पाच मिनिटांत सांगताना निम्मं राहून गेलं, ते सगळं इथे ओतते.

आई ६६ वर्षांची. थायरॉईडची गोळी गेली बारा-तेरा वर्षं (हाशिमोटो म्हणतात तो प्रकार) आणि बीपीची एक. बाकी ठणठणीत, अजून माडाच्या झावळा स्वतः ओढत आणते. पावसात तिला ताप येऊन गेला, अंगात त्राण नव्हतं. आमच्या गोव्यात चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या, बाजारात एका स्टॉलवर 'इम्युनिटी काढा चूर्ण' दिसलं. दोनशे ग्रॅमची बरणी, १८० रुपये. विकणारी ओळखीची निघाली, मग काय विचारता. तुळशीच्या लग्नापर्यंत पाच बरण्या रिकाम्या.

त्याच आठवड्यात तिचं जेवण सुटलं. तव्यावर बांगडा टाकला की उठून बाहेर जायची. बांगड्याला नको म्हणणारी आमची आई नव्हे, पण मला वाटलं पित्त असेल. मग एका सकाळी अंगणात उन्हात बसली होती तेव्हा डोळे दिसले. पिवळे. यकृताच्या रक्तचाचण्या केल्या: एसजीपीटी ३१२, एसजीओटी २६८, बिलिरुबिन ४.६. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह, सोनोग्राफीत खडे नाहीत.

डॉक्टरांनी विचारलं, झाडपाल्याचं काही औषध घेता? आई म्हणाली, नाही. मी बाजूलाच बसले होते आणि मलाही त्या क्षणी आठवलं नाही, हे कबूल करते. घरी आल्यावर ओट्यावरची बरणी बघून विचारलं तर म्हणते, "तें वखद न्हय गो, काडो तो!" (ते औषध नव्हे गं, काढा तो.) डॉक्टरांना फोन केला, चूर्ण त्याच दिवशी बंद.

बरणीवर लिहिलेले घटक: गुळवेल, अश्वगंधा, जेष्ठमध, हळद, सुंठ, मिरी. कशाचं किती, ते नाही. मात्रा '१ ते २ चमचे'. वर गोल हिरवा स्टिकर, 'लॅब टेस्टेड'. मी विकणारीला फोन केला तर ती बिचारी घाबरली आणि तिने दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर लॅबचा रिपोर्ट पाठवला. शिसं १.२ पीपीएम, आर्सेनिक ०.३, पारा आणि कॅडमियम मोजण्याइतकं नाही. ई. कोलाय नाही, साल्मोनेला नाही. खाली शिक्का, नमुना मानकांनुसार आहे. वर तिचं म्हणणं, एवढ्या लोकांनी घेतलं, कुणाला काही झालं नाही.

भाऊ पुण्याहून फोनवर सांगतो की योगायोग आहे, ताप आला होता ना. बाबा म्हणतात अर्धी बरणी उरलीय ती मी घेतो, पैसे दिलेत.

मला भांडायचं नाहीये. एवढंच समजून घ्यायचंय की 'लॅब टेस्टेड' असलेलं चूर्ण खाऊन यकृत सुजू शकतं का? आणि शकत असेल तर त्या लॅबने तपासलं तरी काय?

रानमेवा

आमची आजी आयुष्यभर गुळवेल उकळून प्यायची, ९१ वर्षं जगली. इंग्रजी गोळ्यांनी यकृत जातं, ते कुणी बोलणार नाही. आईच्या थायरॉईडच्या गोळीचं बघा आधी.

डिचोलीची लेक

ती गोळी तेरा वर्षं चालू आहे आणि आजही चालू आहे. चूर्ण अडीच महिने होतं. तुमच्या आजींना नमस्कार.

कुंडईवाला (निवृत्त)

ताई, आधी बाबांच्या हातातून ती बरणी काढून घ्या. फेकू नका आणि दुसऱ्या डब्यात ओतूही नका. झाकण घट्ट लावून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून कोरड्या जागी ठेवा. का ते पुढे सांगतो.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ हर्बल मालावर. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत द्यायचं तर, लॅबने डब्यात घाण आहे का ते बघितलं. डब्यातली वस्तू माणसाला मानवते का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हिरवा स्टिकर दोन्हींवर एकदमच चिकटवला जातो.

रिपोर्टमधले चार धातू बघा. शिसं १० पीपीएमपर्यंत, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३ ही आपल्याकडची मर्यादा. तुमचा नमुना आरामात पास आहे. ही तपासणी फालतू नव्हे हं. २००४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी ७० उत्पादनं तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. त्यावर केवढा गदारोळ झाला! निव्वळ वनस्पतीजन्य माल निर्यात करायचा तर जानेवारी २००६ पासून या धातूंची तपासणी सक्तीची झाली. आमच्याकडे त्या वर्षी नवीन यंत्र आलं, त्याला हार घातला होता. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात हर्बल सुरक्षा म्हणजे हे चार आकडे, असं जे बसलं ते बसलंच. (तुम्ही डिचोलीच्या, म्हणून सहज सांगतो: खाणपट्ट्यातल्या मातीत मँगनीज असतं, ते या चारांच्या यादीत नाहीच. तुमच्या केसशी त्याचा संबंध नाही, पण 'स्वच्छ' या शब्दाला किती बारीक अटी असतात ते कळावं.)

आता रिपोर्टच्या वरच्या भागाकडे वळा. आकड्यांपेक्षा मी तिथे जास्त वेळ घालवतो. बॅच नंबर आहे का? तो तुमच्या बरणीवरच्या नंबराशी जुळतो का? तारीख कधीची? आणि बारीक अक्षरांत एक ओळ असेल, नमुना ग्राहकाने आणून दिला, निकाल फक्त दिलेल्या नमुन्याला लागू. म्हणजे बाईंनी लॅबमध्ये नेलेली पन्नास-शंभर ग्रॅमची पुडी चांगली होती, एवढंच ती ओळ सांगते. लॅबची यात काही लबाडी नाही, ती स्वतःच लिहून देते. वाचत आपण नाही.

दुसरी गोष्ट, ओळख. डब्यात गुळवेलच आहे हे त्या रिपोर्टात कुठे आहे? नाही. वाळकी वेल दळली की तपकिरी पूड, कशाचीही. आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो, मग अर्क काढून काचेच्या पट्टीवर ठिपके द्यायचो, द्रावकात पट्टी उभी करायची, आणि वाळल्यावर अंधाऱ्या पेटीत अतिनील दिव्याखाली धरायची. प्रत्येक वनस्पतीची रंगीत पट्ट्यांची आपली ओळ उमटते, निळी, पिवळी, लालसर. बाजूला खात्रीच्या मालाची ओळ ठेवायची आणि दोन्ही जुळवायच्या. एकदा गुळवेल म्हणून आलेल्या अख्ख्या पोत्याची ओळ जुळलीच नाही, अर्धा दिवस मी स्वतःच्या हातावर शंका घेत पुन्हा पुन्हा पट्टी चढवत होतो. शेवटी पोत्यात हात घालून काड्या बाहेर काढल्या तर सालीवर बोराच्या आठळीएवढ्या गाठीच गाठी. चुलतभावाची वेल, टिनोस्पोरा क्रिस्पा. आपली ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. पूड आली असती तर नुसत्या डोळ्यांनी कुणालाच कळलं नसतं.

आपल्या वाडवडिलांना ही तपासणी ठाऊक होती की. नरकचतुर्दशीला सातविणीच्या सालीचा कडू रस घेतो, तेव्हा साल कोण आणणार हे ठरलेलं असायचं. झाड ओळखणाराच गडी जायचा, कारण सातविणीऐवजी काजऱ्याची साल आली तर खेळ खलास.

आता तिसरी गोष्ट, विषारीपणाची खरी चाचणी. ती उंदरांवर होते. एकदाच मोठा डोस देऊन चौदा दिवस बघायचं, हा पहिला टप्पा. मग रोज डोस देऊन २८ दिवस, नाहीतर ९० दिवस. शेवटी रक्त तपासायचं, यकृत-मूत्रपिंड काढून त्याच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली. ९० दिवसांच्या अभ्यासात एका गटात साधारण दहा नर, दहा माद्या. ताई, मिश्रण जसंच्या तसं घेऊन त्यावर हे कुणी केलं असेल तर ते मोठी कंपनीच, आणि तिलाही ते प्रत्येक वेळी करावं लागत नाही. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या नियमांत १५८-ब म्हणून नियम आहे. ग्रंथोक्त पाठ (जुन्या आयुर्वेद ग्रंथातली औषधाची कृती) ग्रंथातल्याच उपयोगासाठी बनवला तर वेगळा सुरक्षा-अभ्यास मागत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर हाच पुरावा धरतात. ई-१ परिशिष्टातल्या विषारी द्रव्यांचं, म्हणजे काजरा, बिब्बा, गुंज, वत्सनाभ असं काही घालून स्वतःच्या नावाचं औषध काढलंत तर मागतात. गुळवेल, अश्वगंधा त्या यादीत नाहीत.

आणि तुमची बरणी तर बहुधा औषधाच्या दारातून आलेलीच नसेल. तिच्यावर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक आहे की चौदा आकडी एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, ते बघून सांगा. चौदा आकडी असेल आणि पहिला आकडा २ असेल तर ती लहान खाद्य व्यवसायाची नुसती नोंदणी. लोणच्या-पापडाला असते तीच. त्या नंबरचा अर्थ सरकारने चूर्ण तपासलं असा होत नाही.

शेवटचं, 'एवढ्या लोकांनी घेतलं, कुणाला काही झालं नाही'. हजारात एकाला होणारा त्रास एकदा तरी नजरेला पडेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे तीन हजार माणसं नीट बघावी लागतात. वीस उंदरांत तो दिसत नाही, स्टॉलवरच्या शंभर गिऱ्हाइकांत दिसत नाही. दिसतो तो तुमच्या अंगणात, सकाळच्या उन्हात.

वैद्य, शिरोडा पासआउट

कुंडईवाल्या काकांचं बहुतेक मान्य. पण गुळवेलीची बाजू मांडायला इथे मीच आहे असं दिसतं.

कोविडमध्ये घराघरांत गुळवेल उकळली गेली. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद छापली, गुळवेलीनंतर यकृताला इजा. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की रुग्णांनी खाल्लेली वनस्पती गुळवेलच होती हे नीट सिद्ध केलेलं नाही. आक्षेप मुद्द्याचा होता, मीही तेव्हा तोच सगळ्यांना फॉरवर्ड केला. मग २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात काही नमुन्यांची रासायनिक तपासणीही होती. बऱ्याच जणांत यकृतदाहाचा तोंडवळा स्वप्रतिकाराचा, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखा. ग्रंथात गुडूची, म्हणजे हीच गुळवेल, कामल्यावर सांगितली आहे हो, काविळीवर! माझ्यासारखीला ही बातमी गिळायला किती जड गेली असेल बघा. मंत्रालयाचं म्हणणं पुढेही तेच राहिलं, गुडूची सुरक्षित आहे, त्रास दिसतो तो तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीने होऊ शकतो. वाद मिटलेला नाही. मी माझ्यापुरतं ठरवलं: स्वप्रतिकार आजार असलेल्याला, त्यात हाशिमोटोही आलाच, गुळवेल महिनोन्‌महिने द्यायची नाही, आणि कुणालाही चार आठवड्यांपुढे द्यायची तर आधी यकृताच्या चाचण्या करून घ्यायच्या. 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणणाऱ्यांनी ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच चुकीच्या दिशेने तलवार फिरवते आहे त्यांचा विचारच केलेला नसतो.

ताई, आईंच्या बरणीत एकटी गुळवेल नाही. अश्वगंधेनेही क्वचित यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, हळदीच्याही आहेत, विशेषतः मिरीबरोबर. मिरीतलं पिपरीन हळद जास्त शोषून घ्यायला लावतं, तशीच काही इंग्रजी औषधंही रक्तात वाढवतं. अश्वगंधा थायरॉईडचे आकडे हलवू शकते. आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते जेष्ठमध. बीपीच्या रुग्णाला रोज जेष्ठमध? त्याने अंगात मीठ-पाणी धरून राहतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. पाय सुजले होते का? या काळात बीपीची गोळी वाढवावी लागली का?

अजून एक. '१ ते २ चमचे' म्हणजे कुठला चमचा? गुळवेलीच्या पुडीची मात्रा ३ ते ६ ग्रॅम. काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम घेतात, पण तो उकळून गाळायचा, चोथा टाकायचा. तुमच्या बरणीवर नाव काढ्याचं आणि आई बहुधा पूड मधात कालवून अख्खी गिळत असणार. विचारा.

काकांच्या पोत्यातल्या गाठींवरून आठवलं, गुडूचीचं एक नाव चक्रलक्षणा. ताजी काडी आडवी कापा, आत गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. पहिल्या वर्षाला आम्हाला ब्लेड देऊन बसवलं होतं. पूड विकत घेणाऱ्याला हे चाक कधीच दिसत नाही.

डिचोलीची लेक

वैद्यताई, तुम्ही आमच्या घरात येऊन गेलात काय?

पाय सुजले होते. ऑक्टोबरात बीपी १६०/९५ झालं म्हणून गोळीचा डोस वाढवला होता, आणि आम्ही सगळ्यांनी त्याचं खापर चवथीच्या नेवऱ्या-चकल्यांवर फोडलं.

चमच्याचं आज केलं. आईला म्हटलं, घेत होतीस तसा भरून दाखव. तिने पेजेचा चमचा काढला. शिगोशीग भरला, वरून बोटाने थापलासुद्धा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९ ग्रॅम. चहाचा चमचा सपाट भरला तर ३. पहिला महिनाभर एकदा, मग मावशीने सांगितलं दोनदा घे, म्हणून दोनदा. मधातच. गाळणं वगैरे नाही, "गाळल्यार गूण वता" (गाळलं तर गुण जातो) म्हणे.

काका, बरणीवर चौदा आकडी नंबर आहे, सुरुवात २ ने. बॅच नंबर नाही, 'पॅक केल्याची तारीख' हाताने लिहिलेली. आणि रिपोर्टची तारीख बघून मी दोन मिनिटं गप्प बसले. ऑगस्ट २०२१.

सत्तरीची सुगंध

हे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. आम्ही नऊजणी बचतगटात काढ्याची पूड करतो. तुमची बरणी आमची नव्हे, आम्ही अश्वगंधा घालत नाही. पण २०२१ मध्ये काढलेला एकच रिपोर्ट आम्हीही अजून दाखवतो. तेव्हा कोविडमध्ये मागणी होती, फी भरली, म्हणजे त्या महिन्यात नऊजणींच्या वाट्याला काही आलं नाही. परत भरायची हिंमत झाली नाही.

तेव्हा गुळवेल आमच्या कुळागरातली होती, आंब्यावर चढलेली, आम्हीच काढायचो. आता मागणीला पुरत नाही म्हणून तिघांकडून वाळवलेल्या काड्या घेतो. ते कुठून आणतात विचारलेलं नाही. काकांच्या गाठी वाचल्या आणि काल रात्री पोतं उलटं केलं. गाठी नाहीत. पण एका बाजूच्या काड्यांना पांढरी बुरशी होती, पावसातला माल. तेवढा जाळला.

आम्हाला कुणी फसवायचं नाही. पण लॅबचं सगळं आम्हाला परवडणारं नाही. निदान काय करावं?

कुंडईवाला (निवृत्त)

बाई, तुम्ही हे लिहिलंत त्याला माझा नमस्कार. मोठ्या कंपन्यांत असं लिहिणाऱ्याला मेमो मिळतो.

फुकटातलं आधी करा. काड्या घ्यायच्या त्या पानासकट बघून, ओल्या, वाळवायचं तुम्ही. पूड तर विकत घेऊच नका. प्रत्येक खेपेच्या दोन काड्या आणि दाबून वाळवलेलं एक पान वहीत चिकटवून ठेवा, कोणाकडून, कुठल्या गावची, तारीख. खेपेला नंबर द्या, तोच बरणीवर. प्रत्येक नंबरातली पन्नास ग्रॅम पूड बाजूला राखून ठेवा, उद्या कुणी आजारी पडलं तर तपासायला काहीतरी हातात असतं. दळायला मिरचीच्या चक्कीवर जात असाल तर आधी थोडी पूड दळून फेकून द्या. जून ते सप्टेंबर वाळवणं बंद, आपल्या हवेत बुरशी धरणारच, आणि बुरशीची विषं उकळूनही जात नाहीत. पैसे जमतील तेव्हा पहिली फी ओळखीच्या चाचणीवर घाला, धातू त्यानंतर.

लेबलवर चमचा लिहू नका, ग्रॅम लिहा, नाहीतर बरणीतच लहान मोजमाप टाका. गरोदर बाया, बीपी, थायरॉईड, यकृताचे रुग्ण, रोज गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरला विचारून, हे मोठ्या अक्षरांत. आणि 'इम्युनिटी' खोडा. पुढेमागे अश्वगंधा घालायचा मोह झाला तर फक्त मूळ. पानं वापरू नका अशी आयुष मंत्रालयाची सूचना २०२१ पासून आहे, आणि पूड झाल्यावर पान-मूळ कोण ओळखतो?

डिचोलीच्या ताई, तक्रारीचं. अन्न सुरक्षा कायद्यात गिऱ्हाईक स्वतः नमुना तपासून घेऊ शकतं, पण तपासायला नेतोय हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. तुमची फोडलेली बरणी त्या कामी कच्ची. तरी अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय बांबोळीला आहे, तिथे लेबलच्या फोटोसह लेखी कळवा, म्हणजे ते त्यांच्या पद्धतीने नवा नमुना उचलू शकतात. बरणी मात्र जपा, डॉक्टरांना लागली तर.

वैद्य, शिरोडा पासआउट

आणि दुष्परिणामाची नोंदही करा. आयुष औषधांच्या दुष्परिणामांसाठी २०१८ पासून वेगळी राष्ट्रीय व्यवस्था आहे, तिचं मुख्य केंद्र दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था. तिचीच शाखा आपल्या धारगळला २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाली, पेडण्याला जाताना दिसते ती. तिथे विचारा, किंवा तुमच्या डॉक्टरांना फॉर्म भरायला सांगा. संशय पुरेसा आहे, तुम्ही काही सिद्ध करायचं नसतं. आमच्यातले बरेच जण हा फॉर्म भरत नाहीत, शास्त्राची बदनामी होईल म्हणून. मग मुंबईच्या यकृतवाल्यांनी छापलं की आम्हीच ओरडतो.

रानमेवा

माझी आजी कुळागरातली ताजी काडी ठेचून उकळायची, वीतभर, आणि ती पण तापात तीन-चार दिवस. रोज नाही. हे आता नीट आठवलं म्हणून लिहितो.

डिचोलीची लेक

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, सगळ्यांनी विचारलं म्हणून.

चूर्ण थांबवून बारा दिवसांनी एसजीपीटी १८०, महिन्याने ७४, काल ४१. डोळे निवळले. बीपी उतरलं, डॉक्टरांनी वाढवलेला डोस परत कमी केला. स्वप्रतिकाराच्या रक्तचाचण्यांपैकी एक हलकी पॉझिटिव्ह आहे, ती तीन महिन्यांनी पुन्हा बघणार. डॉक्टर म्हणाले, चूर्णानेच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण परत देऊन बघायची माझी हिंमत नाही. फॉर्म त्यांनीच भरला. 'औषधाची मात्रा' या रकान्यात काय लिहू विचारलं, मी म्हटलं दिवसाला १८ ग्रॅम. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

विकणारीकडे मी स्वतः गेले, बांबोळीला कळवण्याआधी. दारात नाही, आत बसून चहा घेऊन बोललो. रिपोर्ट तिचाही नव्हता, पूड देणाऱ्याने सगळ्या विक्रेत्यांना तोच पीडीएफ वाटलेला. त्याचा फोन लागत नाही. उरलेल्या अकरा बरण्या तिने स्टॉलवरून काढल्या. मी बांबोळीला पत्र दिलंच, तिला सांगून दिलं. ती माझ्यावर रागावली आहे की नाही ते मला कळलेलं नाही, परवा देवळात दिसली तेव्हा हसली.

भाऊ आता योगायोग म्हणत नाही, 'करिलेशन' म्हणतो.

काल आई बांगडा तळत होती. अर्धी बरणी कपाटावर पिशवीत बांधून ठेवलीय, काकांनी सांगितलं तशी, तारखेसकट. तिला ती बरणी हवी आहे. झाकण घट्ट बसतं म्हणे, सोलां ठेवायला बरी.